तितिक्षा आणि पांघरूण

॥ राम कृष्ण हरि ॥

शीत आणि उष्ण ही येतात आणि जातात, ती टिकणारी नव्हेत, म्हणून ती सोसावीत, असा उपदेश भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला केला आहे. वेदान्तात मुमुक्षूला जी शमदमादी षट्संपत्ती सांगितली आहे, तीत तितिक्षेची गणना आहे. आलेल्या दुःखाचा प्रतिकार न करता, त्याची चिंता आणि विलाप न करता ते सोसणे, असे तिचे लक्षण आचार्य सांगतात. आपला वारकरी हे लक्षण पोथीत वाचण्याआधी पायांनी शिकतो. ज्येष्ठातले ऊन, आषाढातली झड, कार्तिकात चंद्रभागेच्या वाळवंटातला पहाटवारा, हे सारे तो भजनाच्या नादात अंगावर घेतो. ओल्या धोतराने राहुटीत आडवा होतो, आणि कोणी विचारलेच तर ‘माउलीची कृपा’ एवढे म्हणून मोकळा होतो. हे सोसणे भूषणावह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु भूषणाचाही कधी कधी आडपडदा होतो. वारी केलेली पिढी आता थकली आहे. कोणाचे खुब्याचे हाड मोडते, कोणाला गुडघा बदलावा लागतो, कोणाच्या आतड्यात गाठ निघते. शस्त्रक्रिया ठरते आणि डॉक्टर घरच्यांना सांगतात, ‘‘यांना थंडीपासून जपा.’’ मग कीर्तन आटोपल्यावर एखादा गृहस्थ हळूच विचारतो, ‘‘बुवा, देह तर जायचाच आहे ना? आणि आमच्या वडिलांनी उभा जन्म उघड्यावर वारी केली. त्यांना थंडीचं काय एवढं? शिवाय भूल दिल्यावर त्यांना थंडी कळणारच नाही. मग ऊब द्यायची ती कोणाला?’’

प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्यात दोन पूर्वपक्ष आहेत. देह नाशिवंत असल्यामुळे त्याची ऊब जपणे हा मोह होय, हा पहिला. ज्याला दुःखाची जाणीवच नाही त्याला दुःख नाही, आणि दुःख नाही तर ते निवारण्याचा धर्मही नाही, हा दुसरा. दोन्हींचा विचार करण्यापूर्वी भुलेखाली शरीरात काय घडते ते समजून घेतले पाहिजे. वस्तुस्थिती सोडून केलेला शास्त्रार्थ पोकळ ठरतो.

आपले शरीर म्हणजे एक जुना वाडा समजा. मध्ये माजघर, भोवती ओसरी आणि पडव्या. काळीज, मेंदू, यकृत ही मंडळी माजघरात राहतात. हातपाय आणि कातडी म्हणजे ओसरी. माजघरात बारा महिने सुमारे ३७ अंश सेल्सिअस ऊब असावी लागते. बाहेर गारठा पडला की वाड्याचा राखणदार ओसरीकडची दारे लावून घेतो, म्हणजे कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. ओसरी गार पडते, पण माजघर उबदार राहते. तेवढ्याने भागले नाही तर तो हुडहुडी भरवतो आणि स्नायूंच्या थरथरीतून नवी ऊब तयार करतो. हे सारे आपल्या नकळत चाललेले असते.

भूल दिली की हा राखणदारच झोपी जातो. सगळी दारे उघडी पडतात आणि माजघरातली ऊब ओसरीकडे धावते. पहिल्या तासाभरातच आतले तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. त्यातून शस्त्रक्रियागृह गार, अंग उघडे, कातडीवर पुसलेले औषध उडून जाताना गारवा देते, पोट उघडलेले असेल तर आतली ऊबही निघून जाते, आणि शिरेतून थंड सलाईन चालू असते. खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाईन मोठ्या माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे पाव अंशाने खाली आणते. असे होता होता आतले तापमान ३६ अंशांच्या खाली गेले, की शस्त्रक्रियेच्या शास्त्रात रोगी गारठला असे मानतात.

इथे एक फसगत होते, तीही सांगून ठेवतो. दारे उघडल्यामुळे ऊब ओसरीत आलेली असते, म्हणून पाय हाताला गरम लागतात. नातेवाईक तळपायाला हात लावून म्हणतो, ‘‘गरमच आहेत की!’’ आणि त्याच वेळी माजघर गार पडत असते. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात तेव्हा तर रोग्यालाही उबदार वाटू शकते, आणि आतून तो गारठत असतो. म्हणजे या थंडीला साक्षीदार नाही. पाहणाऱ्याला ती दिसत नाही, सोसणाऱ्याला ती कळत नाही. ती फक्त मोजून कळते.

म्हातारपणी हे सर्व अधिक कठीण होते. आयुर्वेद सांगतो की वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते, आणि रूक्षता व शीतता हे वाताचे गुण आहेत. आजचे वैद्यक आपल्या भाषेत जवळपास तेच सांगते. स्नायू झडलेले, म्हणून ऊब कमी तयार होते; कातडी आणि तिच्याखालची चरबी पातळ झालेली, म्हणून ती लवकर निघून जाते. राखणदारही म्हातारा झालेला असतो. तरुणाच्या शरीरात तो ज्या तापमानाला दारे लावतो, त्याहून सुमारे एक अंश खाली गेल्यावर म्हाताऱ्याच्या शरीरात तो जागा होतो. हुडहुडीही उशिरा आणि दुबळी भरते. तरुण कुडकुडून सर्वांना कळवतो. म्हातारा गुपचूप गारठतो.

याचे परिणाम काय होतात? गारठलेल्या जखमेकडे रक्त कमी पोहोचते, म्हणून ती पिकण्याची भीती वाढते. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून रक्तस्राव वाढतो. औषधांचा अंमल लांबतो आणि रोगी उशिरा शुद्धीवर येतो. शुद्धीवर येता येता हुडहुडी भरली तर शरीराची प्राणवायूची गरज दुपटीहूनही वाढू शकते, आणि तो भार म्हाताऱ्या काळजावर पडतो. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यात शंभरांतील ६ जणांची जखम पिकली; जे गारठले त्यांच्यात शंभरांतील १९ जणांची. गारठलेल्यांचा रुग्णालयातील मुक्कामही सरासरी अडीच दिवसांहून अधिक वाढला. पुढच्याच वर्षी, १९९७ साली, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या ३०० रोग्यांचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाच्या गंभीर तक्रारी उबदार ठेवलेल्यांत शंभरी दीडच्या आत, तर गारठलेल्यांत सहाच्या वर आढळल्या.

आता पहिल्या पूर्वपक्षाकडे वळू. देह नाशिवंत आहे, हे खरेच. पण नाशिवंत म्हणजे टाकाऊ, असा अर्थ कोणत्या शास्त्राने केला? गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि अन्न पचवतो. देहातली ऊब ही त्या अग्नीची खूण आहे. सतराव्या अध्यायात तर त्यांनी स्पष्ट बजावले आहे की, जे अविचाराने शरीराला आणि शरीरात राहणाऱ्या मला पीडा देतात, त्यांचा निश्चय आसुरी समजावा. देहाचे लाड करणे वेगळे आणि देहातला अग्नी राखणे वेगळे. गाभाऱ्यातून निरांजन बाहेर आणताना वारा लागू नये म्हणून आपण ज्योतीभोवती हात धरतो. तेल संपणार आहे, वात जळून जाणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून कोणी ज्योत वाऱ्यावर धरतो काय? विझण्याची वेळ तेलाने ठरवावी, आमच्या निष्काळजीपणाने नव्हे.

आणि तितिक्षेचे काय? इथेच खरी गोम आहे. तितिक्षा ही मुमुक्षूची संपत्ती, म्हणजे ती ज्याची त्याने मिळवायची आहे. तीत तीन गोष्टी लागतात : सोसणारा जागा असला पाहिजे, सोसायचे की नाही हे त्याला ठरवता आले पाहिजे, आणि ते त्याने स्वतःच्या मनाने पत्करले पाहिजे. भुलेखाली यांतली एकही गोष्ट उरत नाही. तिथे जे घडते ती तितिक्षा नव्हे, निव्वळ गारठणे होय. उपवास आपण करतो तेव्हा ते व्रत. दुसऱ्याच्या पुढचे ताट ओढून घेतले तर ते व्रत नव्हे. एकादशी आपली आणि उपासमार शेजाऱ्याची, असा धर्म संतांनी शिकवला नाही. पैठणच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू पोळत रडत होते, तेव्हा नाथबाबांनी त्याला उष्णता सोसण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी ते कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. स्वतः नाथ शांतिब्रह्म. अंगावर कोणी शंभरदा थुंकले तरी शंभरदा स्नान करणारे. त्यांचे सोसणे स्वतःपुरते होते, दुसऱ्यासाठी त्यांच्याजवळ फक्त कडेवर घेणे होते.

पण व्यवहारात आम्ही याच्या उलट होताना पाहतो. आमच्या दिंडीतील एका वृद्ध माउलीचे खुब्याचे हाड मोडले आणि तिची शस्त्रक्रिया झाली. तिला खाटेवर आणले तेव्हा एका पातळ चादरीखाली तिचे दात वाजत होते, खांदे थरथरत होते. भेटायला आलेल्या मंडळींना मुलगा अभिमानाने सांगत होता, ‘‘आईनं बावीस वाऱ्या पायी केल्यात. तिला थंडीबिंडी काही वाटत नाही.’’ आणि माउलीही दात वाजत असताना मान डोलावत होती, ‘‘काही नाही रे, असू दे.’’ खोली पुसायला आलेल्या मावशींनी हे ऐकले. त्यांनी हातातले फडके ठेवले, सिस्टरांना हाक मारून आणले आणि जाता जाता मुलाला एवढेच म्हणाल्या, ‘‘दादा, त्या सोसतात म्हणून आपण सोसायला लावायचं व्हय?’’ सिस्टरांनी तापमान पाहिले, पांघरूण वाढवले, गरम हवेची नळी लावली. अर्ध्या तासात थरथर थांबली. आम्ही षट्संपत्तीवर पुष्कळ प्रवचने केली आणि ऐकली आहेत; त्या मावशींच्या वाक्यात जेवढी तितिक्षेची मीमांसा आहे तेवढी थोड्यांत सापडेल.

त्या ‘असू दे’चाही विचार करा. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांचा हा आवडता शब्द आहे. जेवण कमी पडले, असू दे. चष्मा फुटला, असू दे. थंडी वाजते, असू दे. त्यात थोडा वैराग्याचा अंश असतो, पण पुष्कळसा अंश दुसऱ्याला त्रास नको या संकोचाचा असतो. संकोचाला वैराग्य समजून त्याची स्तुती करणे सोयीचे पडते, कारण स्तुतीला काही खर्च येत नाही. पांघरूण शोधायला उठावे लागते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक बारीक आहे. ज्याला थंडी कळत नाही, त्याची थंडी कोणाची? जाणीव नाही तर दुःख नाही, हे तर्काला पटण्यासारखे वाटते. परंतु दुःख नसणे आणि हानी नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झोपलेल्याच्या घरात चोरी झाली तर त्याला त्या घटकेला दुःख नसते. म्हणून चोरी झाली नाही असे होत नाही. उलट तो झोपला होता म्हणून चोराचा अपराध आणि राखणदाराची जबाबदारी, दोन्ही वाढतात. भूल घेणारा माणूस आपला राखणदार झोपवून स्वतःला दुसऱ्यांच्या स्वाधीन करतो. तो जणू म्हणतो, ‘आता माझे मी काही करू शकत नाही, ते तुम्ही करा.’ ही ठेव आहे. ठेव ठेवणारा पाहत नसताना ती जशी सांभाळतो तसा आपला धर्म.

आणि न कळणाऱ्याला पांघरूण घालणे ही गोष्ट आपल्या संप्रदायाला का नवी आहे? पंढरीत थंडी पडू लागली की सावळ्या विठुरायाला कानपट्टी बांधतात, अंगावर शाल पांघरतात. उन्हाळ्यात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनाची उटी लावतात. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढतात, देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा असतो, म्हणून पाठीशी लोड देतात. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजेला ऊन पाण्याने स्नान घालून, रात्री काढा देऊन त्याचा शीण घालवतात. तर्कपंडित विचारील, पाषाणाला थंडी वाजते काय? आमचे उत्तर असे की, पाषाणाला वाजते की नाही हा वाद बाजूला ठेवा. पांघरूण घालणाऱ्याला जे शिकायचे ते तो शिकतो. जो बोलत नाही, मागत नाही, तक्रार करीत नाही, त्याच्या थंडीची आठवण आपण ठेवायची, हा त्या उपचाराचा पाठ आहे. शेकडो वर्षे हा पाठ गिरवून जर शस्त्रक्रियेच्या मेजावर निश्चल पडलेल्या बापाची थंडी आपल्याला आठवली नाही, तर कानपट्टी बांधून आपण शिकलो काय? मूर्तीचे न्यून देव सांभाळून घेतो. बापाची जखम पिकली तर ती पिकतेच.

इथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अर्धे सांगून श्रोत्याला घाबरवणे हे कीर्तनकाराला शोभत नाही. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत बराच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीन आणि अमेरिकेतील, पंचेचाळीस वर्षांवरील ५ हजारांहून अधिक रोगी त्यात होते. शस्त्रक्रियेत निम्म्यांचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखले, निम्म्यांचे साडेपस्तीसच्या आसपास. हृदयाला इजा, जखमेचा गंभीर संसर्ग किंवा मृत्यू यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे एखाद्या अंशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याहून खाली मात्र जाऊ देऊ नये. ही चांगली बातमी आहे आणि ती चांगल्या मनाने घ्यावी.

तेवढ्यावर कोणी म्हणेल, ‘‘मग साडेपस्तीसपर्यंत गारठू द्यायला हरकत नाही!’’ इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. अपाय होतो काय, हा वैद्याचा प्रश्न. तो मोजून सुटतो, आणि मोजमाप बदलले की उत्तरही बदलते, बदललेच पाहिजे. पण शुद्धीवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पहिली जाणीव कशाची व्हावी, दात वाजण्याची की उबेची, हा प्रश्न निराळा आहे. कित्येक रोगी सांगतात की शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या दुखण्याहून ती हुडहुडी अधिक असह्य वाटली. अपाय झाला नाही तरी क्लेश झाला, आणि निवारता येण्यासारखा क्लेश निवारणे याला अपायाच्या पुराव्याची गरज नाही. ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विस्ताराने वर्णन केले आहे. पाऊल टाकतानाही जिवाला लागेल या धास्तीने जो हळू टाकतो, तो अहिंसक. तिथे माउली ‘किती लागेल’ असा हिशेब मांडत बसत नाहीत.

डॉक्टरांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. शस्त्रक्रियागृह गार ठेवतात ते दुष्टपणाने नव्हे. शल्यवैद्य जाड झग्यात, तोंड बांधून, प्रखर दिव्याखाली तासन्‌तास उभा असतो. त्याला घाम सुटला आणि हात चळला तर रोग्याचेच नुकसान. उभ्याची सोय आणि निजलेल्याची ऊब यांत हा खरा पेच आहे. त्यातून वाट अशी काढली आहे की, खोली गार ठेवावी पण रोग्याला वेगळी ऊब द्यावी. नळीने गरम हवा सोडलेले हलके पांघरूण त्यासाठी वापरतात. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली याविषयी नियम केले आणि २०१६ साली ते सुधारले. भूल देण्यापूर्वी तापमान मोजावे, निकड नसेल तर ते ३६ च्या खाली असताना भूल सुरू करू नये, अर्ध्या तासाहून लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत गरम हवेचे पांघरूण लावावे, अर्धा लिटर किंवा अधिक सलाईन देणे असेल तर ते ३७ अंशांपर्यंत ऊन करावे, रोग्याचे अंग उघडे असेपर्यंत खोली निदान २१ अंश असावी, दर अर्ध्या तासाने तापमान पाहावे, आणि शस्त्रक्रियेनंतर ते ३६ वर आल्यावाचून रोग्याला वॉर्डात पाठवू नये, असा त्यांचा आशय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी रोग्याला ऊब देण्याची शिफारस केली.

आपला सुश्रुत याबाबतीत मागे नव्हता. सूत्रस्थानातील एकोणिसाव्या अध्यायात जखमी माणसाची शुश्रूषा सांगताना त्याने औषधाआधी घर सांगितले आहे : स्वच्छ, उन्हाची तिरीप नसलेले आणि वाऱ्याचा झोत न येणारे. मऊ अंथरूण सांगितले, आणि भोवती प्रिय माणसे असावीत, त्यांनी गोड गोष्टी सांगून वेदना विसरायला लावाव्यात, असेही सांगितले. निवारा आणि जिव्हाळा या दोन्हींना त्याने उपचारांत जागा दिली.

मग आपण घरच्या मंडळींनी काय करावे? थोडक्यात सांगतो. सगळ्यांत महत्त्वाची ऊब शस्त्रक्रियेच्या आधीची. ओसरी आधीच उबदार असेल तर माजघरातली ऊब तिकडे धावत नाही. म्हणून रुग्णालयात जाताना स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी बरोबर असावी, आणि आत नेईपर्यंत म्हाताऱ्या माणसाला एका सुती झग्यात गार वऱ्हांड्यात ताटकळत ठेवू नये. भूलतज्ज्ञांना नम्रपणे विचारावे, ‘‘डॉक्टरसाहेब, यांना ऊब देण्याची काय सोय आहे? तापमान मध्येमध्ये पाहणार ना?’’ विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने प्रसन्नच होईल. लहान गावात गरम हवेचे यंत्र नसेलही, पण शस्त्रक्रियेची जागा सोडून बाकीचे अंग आणि डोके झाकणे, ओली चादर लगेच बदलणे, ऊन केलेले सलाईन वापरणे, एवढे बहुधा कोठेही होऊ शकते. पांघरुणाचा एक थरदेखील कातडीवाटे जाणारी सुमारे तिसरा हिस्सा ऊब अडवतो. त्यावर थरांवर थर चढवल्याने तितका लाभ वाढत नाही; अंग किती झाकले हे अधिक महत्त्वाचे.

आणि एक इशारा. प्रेमाच्या भरात गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक बधिर पायांना लावू नका. कातडी भाजते आणि रोग्याला कळत नाही. मधुमेही आणि म्हाताऱ्या कातडीची जखम मग महिनोन्‌महिने भरत नाही. रुग्णालयाच्या खोलीत शेगडी तर मुळीच नको. घरची गोधडी कितीही मायेची असली तरी ती शस्त्रक्रियागृहात न्यायची नाही. वॉर्डात आल्यावर सिस्टरांना विचारून, स्वच्छ धुतलेली असेल तर घालावी. हुडहुडी भरली, रोगी विसंगत बोलू लागला किंवा फार वेळ गुंगीत राहिला, तर ‘वय झालंय’ म्हणून स्वस्थ न बसता लगेच कळवावे. आणि ‘काही नको रे’ हे उत्तर आले तरी तापमान पाहायला सांगावे.

जनाबाईची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. देव रात्री तिच्या घरी आला, तिच्याबरोबर दळू लागला, आणि पहाटे घाईघाईने निघताना आपला शेला आणि पदक तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळात गेला. पुढे पदकावरून जनाबाईवर चोरीचा आळ आला, तो कथाभाग सगळ्यांना पाठ असतो. आमचे चित्त मात्र त्या वाकळीवर खिळते. ठिगळांची वाकळ, एका दासीच्या अंगची ऊब धरलेली. ती पांघरताना त्रैलोक्याच्या स्वामीला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला ती पांघरून द्यायला कमीपणा का वाटावा?

तेव्हा सिद्धान्त असा : सोसणे हा ज्याचा त्याचा धर्म, आणि पांघरणे हा भोवतालच्यांचा. पहिला धर्म दुसऱ्यावर लादता येत नाही. दुसरा धर्म पहिल्याच्या नावाखाली टाळता येत नाही. ज्याला आपण आयुष्यभर माउली म्हणून पाया पडलो, तो भुलेखाली पडला असताना त्याची ऊब राखणे ही त्याच नमस्काराची पुढची ओळ आहे. वडील शुद्धीवर येऊन म्हणतील, ‘‘कशाला रे एवढं?’’ म्हणू देत. आपण पायाकडचे पांघरूण नीट खोचावे आणि नाम घेत उशाशी बसावे. इत्यलम्‌.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥